पहिली रायफल : कमजोर आणि उसनी

बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात पहिली शिकारी रायफल कोणती द्यावी, हा प्रश्न अमेरिकेत, नॉर्वेत किंवा न्यूझीलंडमध्ये अगदी घरगुती समजला जातो, आणि त्याचे उत्तरही तिथे बरेचसे ठरून गेले आहे. आधी .२२ ची रिमफायर, म्हणजे इवल्या काडतुसाची, खांद्याला जेमतेम जाणवणारी. तिच्यावर हात बसला की हरणासाठी .२४३ सारखी मवाळ रायफल. बापाची किंवा आजोबांची दणदणीत .३०-०६ मात्र खांदा भरल्याशिवाय नाही. हाच प्रश्न ओवे गावात विचारला तर? ओवे पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी. एकीकडून सिडकोने वसवलेल्या खारघरचे मनोरे गावाला येऊन भिडलेत, २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रो जवळून धावते, आणि दुसरीकडे डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत. इथे प्रश्नातली शिकार पहिल्याच वाक्यात गळून पडते. उरलेला प्रश्न मात्र खराच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलने कांस्यपदक घेतले. त्यानंतर एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी रायफलचा हट्ट धरला, तर आईबापांनी काय करावे? माझे म्हणणे असे की, जाणत्या शिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी जो विचार केला तोच आपण शेवटपर्यंत न्यावा. तसा नेला की पहिली रायफल शक्य तितकी कमजोर असावी, मुलाच्या अंगाला बेतलेली असावी आणि पहिले वर्षभर तरी ती स्वतःची नसावी, इथे आपण येऊन पोचतो.

शिकारीचा भाग आधी मिटवून टाकू. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवाना काढून शिकार करण्याची वाट त्यात होती. मोठ्या जनावरांचा परवाना वेगळा, लहानांचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ती कलमेच काढून टाकली. आता उरली ती एक अरुंद पायवाट: माणसाच्या जिवावर उठलेले किंवा उभ्या पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी. कायद्यात शिकारीची व्याख्याही चांगली रुंद आहे. मारणे, जखमी करणे, पकडणे, त्यातला नुसता प्रयत्न, इतकेच काय, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणेही तिच्यात बसते. पूर्वी पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर वगैरे ‘उपद्रवी’ म्हणून कायद्याच्या संरक्षणाबाहेर होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. म्हणजे गच्चीवरच्या कावळ्यावर हात साफ करायचा जुना बहाणाही संपला. दुसरीकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला स्वतःचे बारुदी हत्यार बाळगता येत नाही. लहान वयात वापर करायचा तो प्रशिक्षणापुरता आणि देखरेखीखाली. पनवेल तालुक्यातच कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, आणि कोणत्याही अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिघात बंदुकीचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. सारांश काय, पनवेलच्या पोरासाठी शिकारी रायफल ही चित्रात पाहायची गोष्ट.

पण शिकारीच्या देशांतले लोक मुलाला लहान रायफल का देतात, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यांची कारणे जनावराशी कमी आणि मुलाशी जास्त संबंधित आहेत. बार उडाला की गोळी पुढे जाते आणि रायफल मागे येते. साधारण वजनाच्या .३०-०६ चा हा मागचा धक्का सव्वीस-सत्तावीस ज्यूलचा असतो, .२४३ चा त्याच्या निम्म्याहून कमी, आणि .२२ रिमफायरचा अर्धा ज्यूलही नाही. मोठ्या माणसाला सत्तावीस ज्यूल म्हणजे खांद्यावर एक बुक्की. बारा वर्षांच्या शरीराला ती शिक्षा वाटते, आणि शरीर शिक्षा विसरत नाही. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नळी खाली झुकते. ही दचक एकदा अंगात शिरली की काढायला महिने लागतात. मुलाला ती आपल्याला आहे हे कळतही नाही, कारण प्रत्येक चूक बाराच्या आवाजात बुडून जाते. ती उघडी पाडायची जुनी युक्ती सर्वांना ठाऊक आहे: मुलाच्या नकळत भरलेल्या काडतुसांत एखादे रिकामे मिसळायचे. बार उडत नाही, तरी नळी हिसका खाऊन खाली जाते, आणि सगळे समोर येते. रायफल जितकी शांत तितकी नेमबाजाला स्वतःची चूक स्पष्ट दिसते. लहान रायफलीचे सारे गुण या एका गोष्टीत आहेत. जिम कॉर्बेटचीही सुरुवात गलोलीने झाली, मग मातीच्या गोळ्या मारायचे धनुष्य आले, आणि मग हाती आली ती ठासणीची जुनी दुनळी, तीही उजवी नळी फुटलेली. त्याने ही क्रमवारी आखली नव्हती, परिस्थितीने आखली. पण कोणत्याही शिक्षकाने ती याहून चांगली आखली नसती.

आता हाच विचार .२२ पाशी का थांबवायचा? शिकारीच्या देशांत तो तिथे थांबतो, कारण पुढे ससा किंवा खार मारायची असते आणि त्याला निदान तेवढी ताकद लागते. आपल्याकडे मारायचे काहीच नाही. मग आणखी एक पायरी उतरून आपण हवेच्या रायफलीवर येतो: ४.५ मिलिमीटरची नळी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे शिशाचे पॅलेट आणि सेकंदाला सुमारे १७० मीटर वेग. गुणाकार केला तर साडेसात-आठ ज्यूल. .२२ च्या गोळीत नळीच्या तोंडाशी सव्वाशे ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. आपल्या शस्त्र कारखान्यांतून निघालेल्या आणि उत्तर भारतात घरोघरी ठाऊक असलेल्या .३१५ रायफलीत तीन हजारांच्या वर. २०१६ च्या शस्त्र नियमांनी .१७७ इंच, म्हणजे याच मापाच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या हवाई रायफलीला परवान्यातून सूट दिली आहे, आणि दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल त्या मर्यादेच्या निम्म्याखाली बसते. कायद्याने केलेली ही आखणी इथे शिकवण्याच्या शास्त्राशी नेमकी जुळते, असे क्वचित घडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ही तर जत्रेतली फुगे फोडायची बंदूक झाली. याने मुलगा रायफल काय शिकणार? आक्षेप घेणाऱ्यांनी दहा मीटरचे लक्ष्य एकदा हातात धरून पाहावे. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाने केल्यासारखा. पॅलेटची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे पॅलेटच्या मध्याला अडीच मिलिमीटर इकडेतिकडे होण्याची मुभा. नळीच्या टोकाची माशी आणि डोळ्याजवळची साइट यांत ऐंशी सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी पाव मिलिमीटरहूनही कमी सरकली की दहा गेले. हे उभ्याने करायचे, टेकू न घेता, साठ वेळा, सव्वा तासात. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा महिलांसाठी चाळीस बार होते आणि चाळीसही दहाचे. त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीला अंतिम फेरीत पोचल्या त्या याच हवाई रायफलीने. अभिनव बिंद्राचे २००८ चे बीजिंगचे सुवर्ण याच रायफलीचे, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तोही याच प्रकारात. ज्या हत्याराने जगज्जेतेपदे ठरतात ते नवशिक्याला अपुरे पडेल, ही भीती जरा उलटीच आहे. खरे तर ते त्याला पुरून उरते.

उलट बाजूने येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे: हवेची बंदूक खेळणे समजली जाते आणि म्हणूनच ती धोक्याची. हे मला मान्य आहे. आठ ज्यूलचे पॅलेट डोळा फोडू शकते आणि चिमणी मारू शकते. सलीम अली यांचे उदाहरण आपल्याला जवळचे, कारण त्यांचे किहीम पनवेलसारखेच रायगड जिल्ह्यातले. सुगरणींच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास तिथला. लहानपणी त्यांनी खेळण्यातल्या एअरगनने एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती वेगळी दिसली म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले, आणि त्यातून भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला. गोष्ट गोड आहे, पण तिचा उपयोग एअरगनच्या बाजूने करणे म्हणजे एका चिमणीमागे एक सलीम अली निघतो असे धरून चालणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा-बारा वर्षांच्या मुलाला बंदूक देऊन बागेत मोकळे सोडण्याची रीत होती. आज तोच मुलगा कायद्याने गुन्हा करत असेल. म्हणून परवाना लागत नाही याचा अर्थ ती घरात पडून राहावी, असा घेऊ नये. जर्मनीत सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षानंतर हवाई रायफल आणि चौदाव्यानंतर .२२, तीही रेंजवर आणि देखरेखीखाली. त्याहून लहान मुलांना प्रकाशाचा किरण सोडणारी रायफल देतात, जिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. नॉर्वेसारख्या शिकारप्रेमी देशातही शिकारीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणाला स्वतंत्रपणे शिकारीला जाता येत नाही.

इथे ओव्याचा भूगोल पुन्हा मध्ये येतो. .२२ ची गोळी, आपण जिला किरकोळ म्हणतो ती, मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. गावाच्या मध्यावर उभे राहून दीड किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात खारघरचे मनोरे, वर्दळीचे रस्ते आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी गर्दी होणारा डोंगर येतो. गोळीला अडवणारा मातीचा बांध कुठेच नाही. शिकारी मुलखात बापाने मुलाला शिकवायचा पहिला धडा असतो, लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा. ओव्यात लक्ष्याच्या मागे सगळीकडे माणसेच आहेत. पॅलेटही काही दहा मीटरवर दमून पडत नाही. ते शेकडो मीटर जाते. त्यामुळे गच्ची, अंगण, डोंगराची उतरण यांपैकी काहीही चालणार नाही. चार भिंतींची आणि पॅलेट अडवणाऱ्या पेटीची रेंजच हवी. दहा मीटरच्या रेंजला एखादी लांबट खोली पुरते, हा या खेळाचा दाट वस्तीला मिळालेला मोठा फायदा आहे.

तिसरा आक्षेप कोकणातून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका अनेक घरांत आहेत, त्यात ठासणीच्याही. रानडुक्कर एका रात्रीत भाताची खाचरे लोळवते, वानरे नारळ-केळी ठेवत नाहीत. अशा घरातल्या मुलाला तुम्ही कागदावर टिंबे पाडायला शिकवणार का? त्याला खरी बंदूकच लागणार आहे. उत्तर असे की, लागणार असली तरी ती पहिली असण्याचे कारण नाही. परवाना एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. मधली आठ-नऊ वर्षे हाताशी आहेत. त्या वर्षांत नेम, श्वास, चापावरचे बोट आणि बार उडाल्यावरही नजर न हलवण्याची सवय हवाई रायफलीवर जितकी पक्की होते, तितकी वर्षाकाठी चार बार काढून ठासणीवर होत नाही. आणखी एक मुद्दा कमी बोलला जातो. जखमी होऊन रानात गेलेले डुक्कर सगळ्यांत वाईट. ते जनावराच्या हालाचे आणि पुढच्या माणसाच्या जिवाचे. हे टाळण्याची कुवत बंदुकीच्या ताकदीतून येत नाही, पक्क्या नेमातून येते. 

आता मापाकडे. दुकानात रायफल पाहताना डोळा नळीवर जातो, पाहायला हवा दस्त्याकडे. जुना ठोकताळा सोपा आहे: कोपर काटकोनात दुमडायचे, दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत ठेवायचा आणि पहिले बोट चापावर सहज पोचते का पाहायचे. मोठ्या माणसाला हे अंतर तेहतीस-चौतीस सेंटिमीटर लागते, बारा वर्षांच्या मुलाला त्याहून तीन-चार कमी. लांब दस्ता धरायला मूल पाठ मागे वाकवते, मान पुढे काढते आणि चुकीचे उभे राहण्याची सवय वर्षभरात हाडात मुरते. मग वजन. नियमाप्रमाणे हवाई रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि मोठे नेमबाज वजनदार रायफल मुद्दाम घेतात कारण ती स्थिर राहते. पस्तीस किलोच्या मुलीला पाच किलो म्हणजे अंगाच्या सातव्या हिश्शाएवढा भार, तोही एका अंगावर, कमरेतून मागे झुकून, तासभर. वाढत्या पाठीला हे बरे नाही. लहानांसाठी हलक्या दस्त्याच्या रायफली मिळतात, आणि त्या नसतील तर सुरुवातीचे महिने नळीखाली टेकू देऊन शिकवण्यात काही कमीपणा नाही. तिसरे माप डोळ्याचे. दोन्ही तळव्यांनी लहानशी खिडकी करून दूरचा दिवा तिच्यातून पाहायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने दिवा जागचा हलत नाही तो मुख्य डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा मुख्य डोळा डावा निघाला तर रायफल डाव्या खांद्याची घेण्याचा विचार पहिल्याच आठवड्यात करावा. चौथ्या वर्षी तो करणे फार महाग पडते.

प्रकारांत मुख्य फरक स्प्रिंगचा आणि दाबाच्या हवेचा. नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल स्वस्त, टिकाऊ आणि देशी बनावटीची सहज मिळते. शालेय क्रीडा स्पर्धांतही साध्या साइटचा, म्हणजे ‘ओपन साइट’चा, वेगळा गट असतो आणि बारीक भोकातून पाहायच्या ‘पीप साइट’चा वेगळा. पण स्प्रिंग ताणायला लहान हातांना कष्ट पडतात, आणि चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो, थांबतो, रायफलीला दोन्ही दिशांनी झटका देतो, आणि हे सगळे पॅलेट नळीत असतानाच. म्हणजे दचक टाळायला खाली उतरलो आणि दुसऱ्या दाराने थोडी हालचाल घरात आली. दाबाच्या हवेची रायफल सिलिंडरमधली २०० बार दाबापर्यंत भरलेली हवा मोजून सोडते; धक्का जवळजवळ नाही, भरायला जोर नाही. काही प्रशिक्षक म्हणतात, स्प्रिंगवर शिकलेला हात जास्त चिवट होतो. त्यात तथ्य आहे, पण चिवटपणा दहा-पंधरा हजार बारांनंतर उपयोगी पडतो. पहिल्या पाचशे बारांत मुलाला आपली चूक आणि रायफलीची चूक वेगळी ओळखता यायला हवी, म्हणून रेंजवर दाबाच्या हवेची रायफल असेल तर मी तिच्याच बाजूने मत देईन. पॅलेट शिशाचे असते. ती तोंडात धरून भरायची सवय मुलांना सहज लागते, ती लागू देऊ नये, आणि सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये.

राहिली मालकी. स्पर्धेची परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, वर जाड कापडाचा-चामड्याचा पोशाख आणि बूट, आणि पॅलेटचे डबे तर महिन्याचे. अनेक आईबाप मुलाची आवड पाहून पहिल्या तिमाहीतच ही उडी घेतात आणि म्हणतात, चांगले हत्यार दिले तर चांगले शिकेल. महाराष्ट्राचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. या राज्यातल्या नेमबाजीचा मोठा भाग दुसऱ्यांच्या रायफलींवर उभा राहिला आहे. अंजली भागवत एनसीसीतून आल्या, जिथे रायफल छावणीची असते आणि संध्याकाळी मोजून परत जाते. स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, जिथे साधने संस्थेची. पंधरा वर्षांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये तो या प्रकारातला पहिला भारतीय ऑलिम्पिक पदकविजेता झाला. त्याच्याच तालुक्यात दाजीपूरचे जंगल आहे, कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान, जे १९५८ मध्ये अभयारण्य झाले. शेजारच्या रानातली बंदूक बंद झाली, गावातली रायफल जगाच्या व्यासपीठावर गेली, आणि दोहोंत दोन पिढ्यांहून थोडेच जास्त अंतर आहे. ओव्याच्या मुलांना तर संस्थेच्या रायफलीसाठी दूर जायची गरज नाही. सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ शूटिंग क्लब पनवेलच्याच कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत आहे, आणि दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकलेली अवनी लेखरा त्यांचीच शिष्या.

उसन्या रायफलीचा तोटा खरा आहे: दस्ता दर वेळी दुसऱ्याच्या मापाला सेट केलेला, साइट हललेली. पण पहिल्या वर्षी हा तोटा शिक्षण ठरतो, कारण साइट जुळवणे, चीकपीस म्हणजे गाल टेकायची पट्टी वर-खाली करणे, हे मुलाला स्वतः करावे लागते. शिवाय मुलाचे माप वर्षात दोनदा बदलते आणि आवडही बदलू शकते. लाखाची रायफल कपाटात पडली की घरात तिच्याबद्दल बोलणे टाळले जाते आणि मुलाला त्याचा दोष वाटत राहतो. बंदुकीने मुले हिंस्र होतील, या भीतीलाही उसनी रायफलच बऱ्यापैकी उत्तर देते. घरी बंदूक नाही, रेंजवर हुकमाशिवाय हात लावता येत नाही, सराव संपला की नळी रिकामी असल्याचे दुसऱ्याला दाखवूनच ती ठेवायची. ही शिस्त उपदेशाने येत नाही. ज्या वस्तूवर आपली मालकी नाही तिच्याशी मूल मुळातच जपून वागते.

वर्ष-दीड वर्षाने, गुण स्थिर व्हायला लागले आणि उंची वाढायचा वेग मंदावला की स्वतःच्या रायफलीचा विचार करावा, तोही आधी वापरलेल्या. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफली बदलत असतात आणि त्यांच्या जुन्या रायफलींत नवशिक्याला वापरून संपणार नाही इतकी अचूकता शिल्लक असते. घेताना दस्ता पुढे-मागे किती सरकतो, मुलाच्या हाताशी पकड जुळते का, चाप किती हलका करता येतो हे पाहावे. नळीची चिंता फारशी करू नये, शिशाने ती सहजासहजी झिजत नाही. सिलिंडर मात्र उलटून त्यावरची तारीख वाचावी. हवेच्या सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षांचे धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, तेव्हा आठ वर्षे जुन्या रायफलीच्या किमतीत नव्या सिलिंडरचे पैसे आधीच वजा करून बोलणी सुरू करावीत.